बारदानाच्या हिशेबात न बसलेली माणसे

दिल्लीत गहू आणि धानाच्या हमीभाव खरेदीचे उद्दिष्ट ठरते, तेव्हा हुगळीच्या काठावरील ताग गिरण्या वर्षभरात किती पाळ्या चालवणार, हेही बरेचसे ठरून जाते. गोंदिया-भंडाऱ्याच्या धान खरेदी केंद्रावर बारदान संपले की शेतकरी रस्त्यावर येतो आणि त्याची बातमी मुंबई-नागपुरात छापून येते. ते बारदान जेथे विणले जाते त्या हुगळीकाठच्या पट्ट्याची, आणि त्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाकडील बजबजची, बातमी मात्र मराठी वाचकापर्यंत सहसा पोहोचत नाही. वास्तविक बजबजच्या गिरणीतून बाहेर पडणाऱ्या पोत्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोणी व्यापारी नाही; ते भारत सरकार आहे.

हे गिऱ्हाईक साधेसुधे नाही. १९८७ च्या कायद्याने धान्य आणि साखर तागाच्या पोत्यांतच भरण्याची सक्ती करण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने धान्यासाठी शंभर टक्के आणि साखरेसाठी वीस टक्के पोती तागाचीच असावीत, हे प्रमाण पुन्हा कायम केले. त्या वेळी सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार, धान्य भरण्यासाठी दरसाल सुमारे १२ हजार कोटी रुपयांची ताग पोती खरेदी केली जातात आणि या धंद्यावर चार लाख कामगार व सुमारे चाळीस लाख शेतकरी कुटुंबे अवलंबून आहेत. इतक्या मोठ्या खरेदीत सरकार पोत्याचे वजन ठरवते, वीण ठरवते, किंमत ठरवते आणि कोणत्या गिरणीला किती गठ्ठ्यांची मागणी द्यायची, हेही ठरवते. ते पोते विणताना ज्याचा हात गेला किंवा ज्याचे कान गेले, त्याला पुढे काम मिळाले की नाही, एवढे मात्र ते विचारत नाही.

या लेखाचा विषय नेमका हा न विचारलेला प्रश्न आहे. सरकारी नोकरीतील अपंगांच्या आरक्षणावर गेल्या तीस वर्षांत कायदे झाले, न्यायनिवाडे झाले, परिपत्रकांचा डोंगर उभा राहिला. सरकारी कंत्राटांतून निर्माण होणाऱ्या रोजगारात अपंगांचा वाटा किती, याविषयी राजधानीत जवळजवळ शांतता आहे. बजबजकडून पाहिले, तर ही शांतता फार स्पष्टपणे ऐकू येते.

नदी, तेल आणि ताग

बजबज हे दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यातले नगर. सियालदहहून सुटणाऱ्या उपनगरी गाडीचे ते शेवटचे स्थानक. १८९७ च्या फेब्रुवारीत पाश्चात्त्य देशांचा दौरा संपवून परतलेले स्वामी विवेकानंद बोटीने येथे उतरले आणि येथूनच आगगाडीने कोलकात्याला गेले. २९ सप्टेंबर १९१४ रोजी ‘कोमागाटा मारू’ हे जहाज येथेच लागले. कॅनडाने परत पाठविलेल्या, बहुतांशी पंजाबी प्रवाशांवर येथे गोळीबार झाला. आज स्थानकाच्या नावातही त्या जहाजाचे नाव आहे. कॅनडाच्या ज्या नियमामुळे ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना किनाऱ्यावर पाऊल ठेवता आले नाही, त्या १९०८ च्या नियमात हिंदुस्थानी माणसाचा उल्लेखही नव्हता. स्वदेशातून वाटेत न थांबता आलेल्यांनाच प्रवेश, एवढेच त्यात म्हटले होते. आणि तसा थेट प्रवास हिंदुस्थानातून करणे व्यवहारात अशक्य होते. कोणाचेही नाव न घेता एका समूहाला दाराबाहेर ठेवण्याची ही प्रशासकीय हातोटी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे निविदांच्या अटींकडे पाहताना ती आठवेल.

आजच्या बजबजची ओळख तीन गोष्टींनी होते. पहिली, तेल. मुंबईकरांनी शिवडी-वडाळ्याचा तेलटाक्यांचा परिसर डोळ्यांसमोर आणावा, तसा हा भाग आहे. कोलकाता बंदराच्या तेलधक्क्यांवर येथे टँकर रिकामे होतात आणि इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही सार्वजनिक कंपन्यांची साठवणूक केंद्रे येथे आहेत. दुसरी, वीज. कोलकात्याला वीज पुरवणाऱ्या सीईएससी या खासगी कंपनीचे ७५० मेगावॉटचे औष्णिक केंद्र येथे आहे. तिसरी आणि सर्वांत जुनी, ताग.

म्हणजे एकाच गावात सरकारच्या तीन भूमिका शेजारी शेजारी उभ्या आहेत. तेल कंपन्यांत ते मालक आहे. विजेच्या बाबतीत ते परवाना देणारे आणि नियमन करणारे आहे. तागाच्या बाबतीत ते खरेदीदार आहे. अपंग माणसाच्या वाट्याला काय येते, हे तो गुणवत्तेने कोठे बसतो यावर जेवढे ठरते, त्याहून अधिक तो सरकारच्या कोणत्या भूमिकेसमोर उभा आहे यावर ठरते.

मालकाचा कायदा, खरेदीदाराचे मौन

मालक म्हणून सरकारने बरेच केले आहे, हे मान्य करायला हवे. केंद्राच्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गांच्या पदांत तीन टक्के जागा अपंगांसाठी ठेवण्याची सुरुवात १९७७ मध्ये झाली. १९९५ च्या कायद्याने तिला वैधानिक बळ दिले. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाचा हिशेब अपंगांसाठी ‘निश्चित केलेल्या’ पदांपुरता न करता एकूण रिक्त जागांवर करण्याचा आदेश दिला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सुनंदा भंडारे यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने १९९५ च्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या याचिकेचा निकाल २०१४ मध्ये लागला. दिल्लीतील मराठी माणसाला अभिमान वाटावा असा तो लढा होता. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने (संमत २०१६) आरक्षण चार टक्के केले आणि अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या सातवरून एकवीस केली. पदोन्नतीतील आरक्षणाचा वादही २०२० आणि २०२१ च्या निकालांनी अपंगांच्या बाजूने मिटवला.

याहून महत्त्वाची, पण कमी चर्चिली गेलेली तरतूद म्हणजे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाचे संरक्षण. १९९५ च्या कायद्याचे कलम ४७ आणि आताच्या कायद्याच्या कलम २० चे चौथे पोटकलम सांगते की, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, त्याचा दर्जाही कमी करता येणार नाही. तो त्या कामाला योग्य राहिला नसेल, तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे काम द्यावे लागेल, आणि तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे लागेल. पाय गमावलेल्या कुणाल सिंह या जवानाच्या प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण ठामपणे उचलून धरले.

आता बजबजला परत येऊ. तेल कंपनीच्या कायम सेवेतील तंत्रज्ञाचा हात अपघातात गेला, तर हे कलम त्याच्या पाठीशी उभे राहते. कारण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे सरकारी कंपनी ही ‘सरकारी आस्थापना’ आहे. त्याच केंद्राच्या फाटकावर किंवा आवारात कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्याचा हात गेला, तर तो कंत्राटदाराचा माणूस ठरतो. आणि पलीकडच्या ताग गिरणीत सरकारी मागणीची पोती विणणाऱ्याचा हात गेला, तर तो खासगी मालकाचा कामगार. तीन हात, तीन माणसे, तिघांच्या श्रमाचा अंतिम खर्च सरकारी तिजोरीकडे जातो. पण कायद्याचे छत्र एकावरच.

गिरणी कामगाराला काहीच मिळत नाही, असे नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली कायमच्या अपंगत्वाबद्दल कमाईची क्षमता किती घटली त्या प्रमाणात नियमित रक्कम मिळते. कर्कश आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. विणाई विभागात आयुष्य काढलेल्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पण ही भरपाई झाली, नोकरी नव्हे. शिवाय तिच्यासाठी हजेरीपटावर नाव असावे लागते. ताग गिरण्यांत कायम, विशेष बदली, बदली आणि त्याखालची ज्यांची नोंदच धड होत नाही अशी माणसे, असा उतरंडीचा संसार आहे. गिरणगाव पाहिलेल्या मराठी वाचकाला ‘बदली कामगार’ या दोन शब्दांत काय काय सामावते, ते ठाऊक आहे. बदलीवाल्याला नोकरीवरून काढावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावले नाही, म्हणजे काम संपते.

जागा आटल्या, कंत्राटे वाढली

मौनाचा हा प्रश्न बजबजपुरता राहिला असता, तर त्यावर राजधानीच्या पानावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रातील ‘ड’ वर्ग जवळजवळ इतिहासजमा झाला. शिपाई, पहारेकरी, सफाई कामगार, माळी यांची कामे पदांच्या यादीतून निघाली आणि निविदांच्या यादीत गेली. १९७७ मध्ये अपंगांना ज्या खालच्या दोन पायऱ्यांवरून सरकारी सेवेत शिरता आले, त्यांतली एक पायरीच काढली गेली. संगणकावर माहिती भरणे, टपाल नोंदणी, दूरध्वनी केंद्र, स्वागतकक्ष ही कामेही आज मोठ्या प्रमाणावर मनुष्यबळ पुरवठादारांकडे आहेत.

या बदलाचा एक विलक्षण परिणाम झाला. ४ जानेवारी २०२१ रोजी केंद्राने अपंगांसाठी योग्य म्हणून ३,५६६ पदांची नवी यादी जाहीर केली. ‘अ’ वर्गापासून ‘ड’ वर्गापर्यंतची ही यादी मोठ्या अभ्यासाने केलेली आहे. कोणत्या कामाला बसणे, उभे राहणे, ऐकणे, पाहणे यांपैकी काय लागते, याचा त्यात बारकाईने विचार आहे. परंतु त्याच यादीतले एखादे काम कंत्राटावर गेले की, यादीतला तो सारा विचार कंत्राटाच्या कागदांत उतरत नाही. काम तेच, कचेरी तीच, खुर्चीही तीच. चार टक्के मात्र वाटेत गळून पडतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या. त्यांत महाराष्ट्रात २९.६ लाख आणि पश्चिम बंगालमध्ये २०.२ लाख. २०१८ मधील राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत पंधरा वर्षांवरील अपंगांपैकी श्रमशक्तीत असलेल्यांचे प्रमाण अवघे २३.८ टक्के आढळले. म्हणजे चारांतल्या तिघांनी काम शोधणेही सोडून दिले आहे, किंवा त्यांना तशी उमेद कधी मिळालीच नाही. अशा समाजाला कायम पदांच्या आटत्या विहिरीवर रांगेत उभे करायचे आणि शेजारून वाहणाऱ्या कंत्राटांच्या कालव्याकडे बोटही दाखवायचे नाही, हे धोरण म्हणून विसंगत आहे.

खासगी क्षेत्राला आमिष दाखवून पाहिले गेले नाही, असेही नाही. किमान पाच टक्के अपंग कर्मचारी ठेवणाऱ्या मालकांना प्रोत्साहन द्यावे, असे १९९५ च्या कायद्यात होते आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम ३५ मध्येही आहे. १ एप्रिल २००८ पासून केंद्राने एक योजना आणली: अपंग कर्मचाऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा आणि राज्य विम्याचा मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षे सरकार भरील. दरसाल एक लाख नोकऱ्यांचे उद्दिष्ट आणि १,८०० कोटींची तरतूद होती. प्रत्यक्षात लाभार्थींची संख्या या उद्दिष्टाच्या जवळपासही पोहोचली नाही. कारण उघड आहे. वर्गणीत वाचणाऱ्या चार पैशांसाठी मालक आपली भरतीची सवय बदलत नाही. मागणी मिळेल की जाईल, हा प्रश्न आला तर मात्र बदलतो.

टेलिफोन बूथचा धडा

अपंगांना सरकारी कंत्राट वा परवाना देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सरकारी कचेऱ्यांतील वेताच्या खुर्च्या विणण्याचे काम अंधांकडे देण्याची जुनी पद्धत होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या पदपथांवर काचेचे टेलिफोन बूथ उभे राहिले. त्यांतले अनेक अपंगांना प्राधान्याने मिळालेले होते. एसटीडीच्या त्या पिवळ्या पाटीने कित्येक घरांत चूल पेटवली. आनंदवनात बाबा आमट्यांनी कुष्ठरोगमुक्तांच्या हाती करुणेऐवजी अवजारे दिली, तोही याच विचाराचा मोठा आविष्कार होता. आणि ‘कुष्ठरोगमुक्त’ हा गट आज कायद्याच्या एकवीस प्रकारांत आहे. बजबजच्या तेलटाक्यांचा ज्यांच्याशी संबंध आहे, त्या पेट्रोल पंप व गॅस वितरकांच्या निवडीतही अपंगांसाठी वाटा राखून ठेवण्याची पद्धत आहे.

पण टेलिफोन बूथचा धडा दुहेरी आहे. मोबाइल आला आणि काही वर्षांतच बूथ ओस पडले. सरकारने परवाना दिला होता, व्यवसाय बदलण्याची वाट दिली नव्हती. दुसरे, परवाना अपंगाच्या नावाचा आणि गल्ल्यावर बसणारा भलताच, हा प्रकार गावोगावच्या लोकांनी पाहिलेला आहे. नावापुरत्या लाभार्थीची ही जुनी व्याधी आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या केडरमधील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याची उमेदवारी लोकसेवा आयोगाने रद्द केली, तेव्हा अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांविषयीचा संशय थेट राजधानीपर्यंत पोहोचला. त्या वादाची सर्वाधिक झळ खऱ्या अपंगांनाच लागली. त्यामुळे कंत्राटांत वाटा मागताना पडताळणीची व्यवस्था कडक हवी, हे अपंगांच्या हिताचेच आहे. संशय येतो म्हणून वाटाच नको, हा युक्तिवाद मात्र टिकणारा नाही. प्रमाणपत्रांतील लबाडी पकडायची असते. तिच्या नावाखाली धोरण गुंडाळायचे नसते.

बाहेरचे जग

अन्य देशांनी सरकारी खरेदीला या कामी कसे जुंपले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेने १९३६ मध्ये संघीय इमारतींतील विक्री केंद्रे चालवण्यात अंधांना प्राधान्य देणारा कायदा केला. १९३८ मध्ये आणखी एक कायदा करून अंधांनी तयार केलेल्या झाडू-पुसण्यांसारख्या वस्तू सरकारने विकत घेण्याची व्यवस्था लावली. १९७१ मध्ये ती इतर तीव्र अपंगत्व असलेल्यांना आणि सेवांनाही लागू झाली. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशाने सदस्य देशांना काही निविदा अशा संस्थांसाठी राखून ठेवण्याची मुभा दिली, जेथे किमान तीस टक्के कर्मचारी अपंग किंवा वंचित गटांतील आहेत.

या अनुभवांतही काटे आहेत. अमेरिकेत अपंग कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची सवलत १९३८ पासूनच कायद्यात होती आणि सरकारी मागणीवर चालणाऱ्या कार्यशाळांनी तिचा लाभ घेतला. या खास खरेदी योजनेतील कंत्राटांवर अशी कमी मजुरी देण्यास २०२२ मध्ये प्रतिबंध झाला. त्याला आठ दशके लागली. आपण उशिरा सुरुवात करीत आहोत, तर निदान ही चूक वगळून करता येईल. अपंगाला काम द्या म्हणजे स्वस्तात राबवून घ्या, असा अर्थ कोणत्याही अटीतून निघता कामा नये.

काय करता येईल

यासाठी घटनादुरुस्ती नको, नवा कायदाही नको. आहे त्या आयुधांनी पुष्कळ साधते.

पहिले आयुध सूक्ष्म व लघुउद्योगांकडून खरेदीचा २०१२ चा आदेश. केंद्राची मंत्रालये आणि सार्वजनिक कंपन्या यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी पंचवीस टक्के या उद्योगांकडून करावी, असे त्यात आहे. त्याच्या पोटात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी चार टक्के आणि महिला उद्योजकांसाठी तीन टक्के, अशी स्वतंत्र उद्दिष्टे आहेत. अपंग उद्योजकांसाठी असे उद्दिष्ट नाही. बजबजमधील तिन्ही तेल कंपन्या या आदेशाखाली येतात. उद्या एक टक्क्याचे उपउद्दिष्ट जरी जोडले, तरी दुरुस्ती, शिलाई, छपाई, उपाहारगृह यांसारख्या कामांत स्थानिक अपंग उद्योजकाला पाय रोवता येईल.

दुसरे आयुध मनुष्यबळ पुरवठ्याची निविदा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेतून ही कंत्राटे आता मोठ्या प्रमाणावर निघतात. अनुभवाची वर्षे, उलाढाल, ‘शारीरिकदृष्ट्या सुदृढ’ मनुष्यबळ अशा अटी निरुपद्रवी दिसतात. अपंगांना बंदी, असे त्यांत कोठेही लिहिलेले नसते. पण थेट प्रवासाच्या अटीत तरी हिंदुस्थानी कोठे लिहिले होते? पदांच्या यादीत योग्य ठरलेले काम कंत्राटावर जात असेल, तर त्यातील किमान चार टक्के माणसे अपंग असावीत, अशी अट खातेप्रमुखाला घालता यावी. मूळ मालकाची जबाबदारी कंत्राटदाराच्या कामगारांपर्यंत पोहोचते, हे तत्त्व नवे नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या संहितेनेही कायम ठेवले. मजुरीपुरती मान्य असलेली जबाबदारी भेदभावाच्या बाबतीत अमान्य करण्याचे कारण नाही.

तिसरे आयुध बजबजच्या तागाशी थेट निगडित आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने, म्हणजे खासगी गिरणीनेही, समान संधी धोरण जाहीर करून ते आयुक्तांकडे नोंदवायचे असते. हे न करणाऱ्याला पहिल्या वेळी दंड होतो तो जास्तीत जास्त दहा हजार रुपये. हजारो कामगारांच्या गिरणीला या रकमेची धास्ती वाटण्याचे कारण नाही. सरकारी मागणी थांबण्याची वाटेल. पोत्यांची मागणी खुल्या निविदेने दिली जात नाही. कोलकात्यातील ताग आयुक्तांचे कार्यालय ती गिरण्यांत वाटून देते. वाटप करणाऱ्याने एवढेच विचारावे: तुमचे समान संधी धोरण नोंदले आहे काय? गेल्या वर्षभरात कामावर अपंगत्व आलेले किती, आणि त्यांपैकी किती जणांना तपासणी, मोजणी, भांडार, नोंदी अशा दुसऱ्या कामावर घेतले? ५८० ग्रॅम वजनाचे पोते दहा-वीस ग्रॅमने हलके भरले, तर ते नाकारण्याची यंत्रणा सरकारकडे आहे. हे दोन प्रश्न विचारण्यासाठी त्याहून मोठी यंत्रणा लागत नाही.

यावर अपेक्षित आक्षेप असा की, खरेदीत सामाजिक हेतू मिसळले की माल महागतो. तात्त्विकदृष्ट्या तो खरा आहे. पण तागाच्या बाबतीत तो करण्याची वेळ टळून गेली आहे. प्लास्टिकचे पोते तागाच्या पोत्याहून स्वस्त पडते, हे ठाऊक असूनच १९८७ चा कायदा झाला. सिमेंट उद्योग त्याविरुद्ध न्यायालयात गेला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्यासाठी जादा किंमत मोजायची, हा निर्णय देशाने चार दशकांपूर्वीच घेतला आहे. ज्या कामगाराच्या नावाने ही किंमत मोजली जाते, त्याला यंत्राने जायबंदी केल्यावर त्याचे नाव हिशेबातून गळावे काय, एवढाच मुद्दा आता उरतो.

मतांच्या हिशेबात

शेवटी राजकारण. तागाचे राजकारण कोणी दुबळे समजू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये कच्च्या तागाला क्विंटलमागे ६,५०० रुपयांची कमाल मर्यादा लागू झाली, तेव्हा बराकपूरचे तत्कालीन भाजप खासदार अर्जुन सिंह आपल्याच पक्षाच्या केंद्र सरकारविरुद्ध उभे राहिले. मे २०२२ मध्ये मर्यादा उठली आणि त्याच महिन्यात ते तृणमूल काँग्रेसमध्ये परतले. २०२४ च्या निवडणुकीपूर्वी पुन्हा भाजपमध्ये गेले. भावाच्या एका आकड्याने दोन पक्षांना घाम फोडला. बजबज ज्या डायमंड हार्बर मतदारसंघात येते, तेथून २०१४ पासून सलग तीन वेळा अभिषेक बॅनर्जी निवडून आले. म्हणजे हा काही राजधानीला अपरिचित, अडगळीतला मतदारसंघ नव्हे. तरीही ताग म्हटले की भाव, आयात आणि बंद गिरण्या एवढेच विषय निघतात.

अपंगांचा राजकीय आवाज विखुरलेला आहे, हे याचे एक कारण. निवडणूक आयोगाने २०२४ मध्ये नोंदवलेल्या अपंग मतदारांची संख्या ८८ लाखांवर होती. पण ते कोणत्याही एका मतदारसंघात एकवटलेले नाहीत, त्यांची एक जात नाही, एक वस्ती नाही. दुसरे कारण घटनात्मक. अपंगांना साहाय्य हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत नवव्या क्रमांकावर आहे. खरेदीचे धोरण केंद्राचे. ताग वस्त्रोद्योग मंत्रालयाचा. अपंगांचा विभाग सामाजिक न्याय मंत्रालयाचा. चार दारांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक दार पुढचे दार दाखवते. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये अपंगांसाठी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू करून निदान आपल्या घरातली दारे कमी केली. आपल्याच निविदांत कामाची अट घालून पुढचे पाऊलही तो प्रथम टाकू शकतो. केंद्राची वाट पाहण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

कोलकात्याच्या उत्तरेस बन-हुगळीला १९७८ पासून अस्थिव्यंगांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत वांद्र्याला मुख्यालय असलेल्या अली यावर जंग वाक्-श्रवण संस्थेचे पूर्व विभागीय केंद्रही तेथेच आहे. बजबजचा जायबंदी कामगार शहर ओलांडून तेथे गेला, तर त्याला कृत्रिम हात मिळू शकतो, श्रवणयंत्र मिळू शकते. सरकारचे एक खाते त्याला पुन्हा कामाच्या योग्यतेचा करून परत पाठवते. सरकारचेच दुसरे खाते ज्या गिरणीतून दरमहा पोती उचलते, तिला मात्र या माणसाला परत घेण्याविषयी एक ओळही लिहीत नाही.

ती ओळ लिहिणारे हात मंत्र्यांचे नसतात. निविदेचा मसुदा उपसचिव आणि अवर सचिव तयार करतात. खरेदी समितीत वित्त सल्लागार बसतात. सार्वजनिक कंपन्यांत सामग्री विभागाचे प्रमुख अटी ठरवतात. दिल्ली-कोलकात्यातील या खुर्च्यांवर मराठी अधिकारी पुष्कळ आहेत. येत्या खरेदी हंगामाच्या मागणीपत्रात पोत्याचे वजन, वीण आणि शिलाई यांच्या खाली समान संधी धोरणाच्या नोंदणीचा क्रमांक मागणारा एक रकाना वाढवणे, हे त्यांच्या अधिकाराबाहेरचे काम नाही.